होड्या शाकारल्या की निघायचं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात मी आमच्या सात आठवड्यांच्या प्रवासाबद्दल लिहिलं होतं. नॉर्वेतलं बर्गन, मग ट्रेनने ऑस्लो, तिथून बोटीने डेन्मार्कचं कोपनहेगन, पुढे स्वीडनचं स्टॉकहोम आणि शेवटी फिनलंडचं हेलसिंकी. सोबत आमचे हे, सासूबाई, पाचवीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा. त्यावर दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत इतकी पत्रं आलीत की सगळ्यांना उत्तर देणं एका अंकात शक्यच नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेच घेतलेत. नावं छापलेली नाहीत, गावं छापलीत.

हर्णैहून एक ताई : आमची बोट आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते तेवढेच आमचे मोकळे दिवस, एरवी घरचा माणूस घरात नसतोच. नणंद म्हणते दहा दिवसांत पाच देशांचं पॅकेज घ्या, एकेका गावात पंधरा-पंधरा दिवस बसून करणार काय? खरंच काय केलंत तुम्ही?

ताई, सगळ्यात आधी हे सांगते की तुमच्या बंदीचे दिवस म्हणजे तिकडचे सगळ्यात चांगले दिवस. आपल्याकडे होड्या वर काढून शाकारलेल्या असतात आणि तिकडे लोक वर्षभर ज्याची वाट बघतात ते ऊन पडलेलं असतं. आमचंही तसंच, आंब्याची शेवटची पेटी गेली की बागेत पावसाळाभर फारसं काम नाही, म्हणून आम्ही जूनच्या पहिल्याच आठवड्यात निघालो.

पॅकेजला माझा विरोध नाही, पण तुमच्या नवऱ्याला वर्षात दोन महिने मुलं भेटणार आणि त्यातले दहा दिवस बसच्या खिडकीतून बघण्यात जाणार, बॅगा पाच वेळा उघडायच्या आणि पाच वेळा भरायच्या, हे मला पटत नाही. ऑस्लोला दोन रात्री सोडल्या तर आम्ही प्रत्येक शहरात दहा-बारा दिवस स्वयंपाकघर असलेलं घर घेऊन राहिलो. पहिले तीन दिवस काहीच बघायचं नाही असं ठरवलेलंच होतं. दूध कुठे मिळतं, बस कुठून सुटते, कचरा कशात टाकायचा, एवढंच शिकायचं. चौथ्या दिवशी बेकरीतली बाई मुलाला ओळखायला लागते आणि तिथून पुढे मजा येते.

कोपनहेगनला आमच्या घराखाली कॉफीचं दुकान होतं आणि दुकानाबाहेर बाबागाडीत एक बाळ गाढ झोपलेलं, आई आत खिडकीशी बसलेली. तिकडे बाळांना असं बाहेरच्या हवेत झोपवायची पद्धतच आहे, पण सासूबाईंना ते काही केल्या पटेना, त्या सरळ जाऊन गाडीपाशी राखण करत उभ्या राहिल्या. पंधरा मिनिटं. ती आई बाहेर आली, काय ते तिच्या लक्षात आलं, आणि तिने सासूबाईंचा हात हातात घेतला. पुढचे आठ दिवस ती रोज भेटायची, दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता तरी बोलायच्या. दोन दिवसांत गाव सोडलं असतं तर हे घडलं असतं का सांगा.

तुम्ही चाळीस-पन्नास दिवस काढू शकत असाल तर तीन शहरं घ्या, फार तर चार.

राजापूरहून एक वाचक : बर्गनला म्हणे सतत पाऊस. आपल्या पावसातून उठून पुन्हा पावसातच जायचं?

हो, आणि जा. बर्गनला वर्षाला २,२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या रत्नागिरीला ३,००० च्या वर, फरक एवढाच की आपला चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि त्यांचा बाराही महिने थोडा थोडा येत राहतो. मे-जून त्यातल्या त्यात कोरडे. चांगला रेनकोट आणि रेनपँट घ्या, छत्री वाऱ्याने उलटी होते. शाळकरी पोरं पावसातच खेळत असतात, आपली कोकणातली पोरं त्यात मागे राहत नाहीत.

दाभोळहून, घरात होड्या बांधायचं काम आहे : तिकडे लाकडी होड्या बघायला मिळतात का, आणि त्यांचा समुद्र आपल्यासारखाच का?

हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

समुद्र आपल्यासारखा नाही. बर्गनला भरती-ओहोटी थोडीफार होते, पण स्टॉकहोम आणि हेलसिंकी बाल्टिक समुद्रावर आहेत आणि तिथे ती जवळजवळ नाहीच, काही सेंटिमीटरचा खेळ, पाणी वरखाली झालं तर ते वाऱ्याने आणि हवेच्या दाबाने. आम्हाला हे वाचून माहीत होतं पण डोळ्यांना दिसलं ते सासूबाईंमुळे. त्या मूळच्या मालवणच्या. स्टॉकहोमला धक्क्यावर बसल्या होत्या, सकाळी बघितलेली होडी संध्याकाळीही दगडाच्या त्याच रेषेला, म्हणाल्या, ‘गो, ह्यो समुद्र हलणा नाय काय?’ मग आम्ही सगळेच वाकून बघायला लागलो. आपल्या जेटीच्या खांबांवर कसं, भरती कुठपर्यंत येते ती खूण दिसते, तिच्याखाली कालवं चिकटलेली असतात, ओहोटीला होड्या गाळात बसतात. तिथे तसं काहीच नाही. खांब स्वच्छ, पाण्याच्या कडेला थोडंसं शेवाळ. आणि खारा वासही नाही.

मुलाने हेलसिंकीला बोट बुडवून चाखलं आणि म्हणाला हे तर पेजेसारखं आहे. बरोबरच होतं त्याचं, मोठ्या समुद्रात लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, हेलसिंकीजवळ ते ५-६ ग्रॅमच. एवढ्या मोठ्या नद्या त्यात येऊन मिळतात आणि बाहेरच्या समुद्राशी जोडणारी वाट अगदी अरुंद.

आता हे मीठ तुमच्या धंद्याशी कसं जोडलंय बघा. लाकूड पोखरणारा तो किडा, ज्याच्यापायी आपल्याकडे होडीच्या तळाला सारखं काही ना काही लावत बसावं लागतं (नावाला किडा, जात मात्र शिंपल्याची), त्याला एवढं कमी मीठ चालत नाही. त्यामुळे स्टॉकहोमच्या पाण्यात लाकूड शेकडो वर्षं टिकतं. तिथलं वासा जहाज त्यामुळेच आज उभं आहे. १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्याच सफरीला निघालं, ६४ तोफा, वर कोरीव मूर्तींचा भार, तळातलं वजन कमी पडलेलं, जेमतेम १,३०० मीटर गेलं असेल तोवर वाऱ्याच्या एका झोताने कललं, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरलं आणि बंदरातच बुडालं. ३३३ वर्षांनी, १९६१ ला, वर काढलं. सुकताना लाकूड आक्रसून फुटू नये म्हणून त्याच्यावर १७ वर्षं पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाचं मेणासारखं रसायन फवारत होते, पाण्याची जागा हळूहळू त्याने घ्यावी म्हणून. तुम्ही जाल तेव्हा दारातून आत शिरल्यावर दोन मिनिटं नुसते उभे राहा, अंधारात ते काळं जहाज हळूहळू दिसायला लागतं. आम्ही तिथे तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी ह्यांनी फक्त फळ्यांचे सांधे बघितले, दीड तास.

आणि कोपनहेगनहून ट्रेनने अर्ध्या तासावर रॉस्किल्डा आहे तिथे जाच. फ्योर्डमधे, म्हणजे तिथल्या खाडीत, मुद्दाम दगड भरून बुडवलेली व्हायकिंगांची, म्हणजे तिकडच्या जुन्या दर्यावर्दी लोकांची, पाच जहाजं १९६२ ला बाहेर काढली, ती मांडून ठेवलीत, आणि बाहेर धक्क्यावर चालू कारखाना आहे जिथे सुतार तशाच होड्या जुन्या पद्धतीने बांधत असतात. करवत नाही, ओक फोडून कुऱ्हाडीने फळ्या काढतात, एक फळी दुसरीवर चढवून लोखंडी खिळ्यांनी जोडतात, आणि आपण फटीत कापूस ठोकतो तसं ते डांबरात भिजवलेली लोकर घालतात. तिथल्या सुताराला ह्यांनी मोबाइलवर आपल्याकडच्या होडीचे फोटो दाखवले, तो काम थांबवून बसला, फोटो मोठा करकरून बघत होता. तुम्ही जाताना तुमच्या कामाचे फोटो नक्की घेऊन जा.

देवगडहून एक सूनबाई : सासऱ्यांना दोन्ही वेळेला भात-माशाचं सार लागतं. काय काय न्यायचं? हापूसची एक पेटी नेली तर चालेल?

आंबा नका नेऊ गं, डोळ्यांदेखत काढून टाकतील. युरोपियन युनियनमधे म्हणजे डेन्मार्क, स्वीडन, फिनलंडला बाहेरून ताजी फळं, भाज्या न्यायच्या तर सरकारी तपासणीचा दाखला लागतो. त्यातून सुटलेली फळं पाचच, अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे नारळ चालतो! कढीपत्ता ताजा चालत नाही, वाळवून न्या. दुधाचं आणि मटणाचं काहीही चालत नाही, तूप नाही, पेढे नाहीत, खवा नाही. आम्ही मालवणी मसाला, आमसुलं, कुळथाचं पीठ, तिरफळं आणि हळद एवढंच नेलं आणि पुरलं. तांदूळ, डाळ, आलं-लसूण, नारळाचं दूध तिथे मिळतं.

मासे म्हणाल तर सासऱ्यांना काळजी करू नको म्हणावं. तिकडचा माकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, जरा जास्त तेलकट. बर्गनला ताजा मिळाला, रवा लावून तळला, आणि दुसऱ्या मिनिटाला घरातला धुराचा अलार्म केकाटायला लागला, मुलं घाबरून रडायला लागली आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा धावत आले. त्यांनीच शिकवलं की चुलीवरचा पंखा आधी लावायचा, स्वयंपाकघराचं दार बंद आणि खिडकी सताड उघडी. त्यांना दोन तुकड्या बशीत घालून दिल्या, दुसऱ्या दिवशी ते टोमॅटोतल्या माकरेलचा डबा घेऊन आले, नॉर्वेत तो पावावर लावून खातात, रोजचं खाणं आहे ते. सासूबाईंनी तो कांद्यावर परतून भाताबरोबर वाढला. फार छान लागतो.

बर्गनच्या त्या जुन्या लाकडी वखारी, ब्रिगन म्हणतात, त्या सगळ्या सुक्या कॉड माशाच्या व्यापारावर उभ्या राहिल्यात. कॉड उत्तरेकडे लाकडी मांडवांवर टांगून सुकवतात, आपण वलांडीवर बोंबील घालतो तसाच, पण मीठ अजिबात नाही, नुसता थंड वारा.

फिनलंडला ‘पीमा’ मागा, ते ताकच. आणि राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या पातळ पारीत भाताची खीर भरून भाजतात ती कारेलियन पेस्ट्री, भातखाऊ माणसाला एकदम आवडते. बेकरीत शिरलं की वेलचीचा वास येतो, त्यांच्या बनपावांत वेलची असते. त्या वासाने मला दिवाळीतल्या आमच्या घराची आठवण झाली आणि मी दुकानातच थोडा वेळ उभी राहिले.

गुहागरहून, दोन लहान मुलांची आई : एवढ्या उजेडात मुलं झोपतात का? आणि आजारी पडली तर?

पहिले पाच दिवस झोपत नाहीत, हे मनाशी धरूनच जा. बर्गनला जूनच्या मध्यावर रात्री अकरा वाजून गेले तरी सूर्य असतो, चारच्या सुमाराला पुन्हा हजर. आमचा मुलगा साडेदहाला विचारायचा, आई संध्याकाळ कधी होणार. आम्ही जाड पडदे लावून, आठला जेवण, नऊला गोष्ट, असं घड्याळावर चालायला लागलो, उजेडाकडे बघायचंच नाही. सहाव्या दिवसापासून बसलं.

मुलांना घेऊन फिरायला मात्र तिकडे जितकं सोपं आहे तितकं मी कुठे बघितलं नाही. हेलसिंकीत सात वर्षांखालच्या मुलाला बस-ट्रामचं तिकीट नाही आणि बाबागाडीत बाळ असेल तर ती ढकलणाऱ्या मोठ्या माणसालाही नाही. बर्गन-ऑस्लो ट्रेनला मुलांच्या खेळायच्या जागेसकट एक डबा असतो. ही लाइन १९०९ ची. आमचा मुलगा कोकण रेल्वेच्या सवयीने बोगदे मोजायला बसला, आपला करबुडे साडेसहा किलोमीटरचा हे त्याला पाठ, तिथे दहा किलोमीटरचा निघाला आणि बोगदे संपेचनात तेव्हा त्याने वहीत रेघा मारायला सुरुवात केली. फिन्सा स्टेशन १,२२२ मीटरवर आहे. गाडी थोडा वेळ थांबली, प्लॅटफॉर्मच्या कडेला जूनमधेही बर्फाचा एक मळकट ढीग उरला होता, दोघं उतरली आणि मूठ मूठ घेऊन आली. मुलीने तो टिफिनच्या झाकणात ठेवला आणि तो पूर्ण वितळेपर्यंत ती कुणाशी बोलली नाही.

हेलसिंकीची एक गोष्ट मला मनापासून आवडली. शाळांना सुट्टी लागली की तिथल्या खेळाच्या मैदानांत आठवड्याच्या कामाच्या दिवशी दुपारी मुलांना फुकट गरम जेवण देतात, १९४२ पासून, म्हणजे युद्धातल्या टंचाईपासून चालू आहे ते. सोळा वर्षांखालचं कुठलंही मूल येतं, फक्त वाडगा आणि चमचा घरून आणायचा. आमची दोघं स्टीलचे वाडगे घेऊन रांगेत उभी राहिली. त्यांच्या पुढे-मागे सगळ्या रंगांची, सगळ्या भाषांची मुलं, कुणी कुणाला विचारत नाही तू कुठला, तुझा बाप काय करतो. सूप होतं, साधंच. सरकारने करायच्या गोष्टींत ही मला फार मोठी वाटते आणि आपल्याकडेही मे महिन्यात, पोषण आहार बंद असतो तेव्हा, असं काही व्हायला हवं असं मला कळकळीने वाटतं.

आजारपणाचं. इन्शुरन्स असतोच कारण त्याशिवाय व्हिसाच नाही. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंडला तातडीला ११२, नॉर्वेत ॲम्ब्युलन्सला ११३. तातडी नसेल तर आधी फोनवर नर्सशी बोलायचं, स्वीडनमधे ११७७, कोपनहेगनला १८१३. मुलाला स्टॉकहोमला १०२ ताप आला, मी फोन केला, त्या नर्सने इंग्लिशमधे दहा मिनिटं शांतपणे सगळं विचारलं आणि सांगितलं की पाणी द्या, पॅरासिटामॉल द्या, अमुक झालं तर आणा. दवाखान्यात जावं लागलं नाही. आपल्याला लगेच डॉक्टरकडे धावायची सवय, त्यामुळे ती एक रात्र मला फार जड गेली, खरं सांगते.

वेंगुर्ल्याहून एक गुरुजी : खर्च आमच्यासारख्याला झेपेल का? आणि मुलांची शाळा?

गुरुजी, स्वस्त नाही, खोटं सांगणार नाही. आम्ही चार वर्षं बाजूला टाकत होतो. व्हिसाची फी माणशी ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलाला ४५, सहाच्या आतल्याला नाही, वर एजन्सीचे पैसे वेगळे, आणि इन्शुरन्स किमान ३०,००० युरोंचा लागतो. चारही देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा चालतो. अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्यांच्याकडे करायचा, दिवस सारखेच असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. सहा महिने आधीपासून करता येतो, तुम्ही मार्चमधेच करा. पैसे मात्र चार प्रकारचे, नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडनचे वेगवेगळे क्रोन आणि फिनलंडला युरो, पण नोटा कुणी बघतच नाही, सगळं कार्डावर.

पैसे वाचतात ते हळू राहण्यात. आठवड्याने घर घेतलं की दर उतरतो, बसचा पास निघतो, बाहेरचं जेवण आम्ही सात आठवड्यांत मोजून पाच वेळा घेतलं. नळाचं पाणी सरळ प्यायचं. रात्रीच्या बोटीने गेलं की हॉटेलची एक रात्र वाचते, आणि स्टॉकहोमहून हेलसिंकीची बोट तर घ्याच, दुपारी निघते आणि संध्याकाळभर हजारो बेटांमधून वाट काढत जाते, आम्ही डेकवर स्वेटर घालून रात्री अकरापर्यंत बसलो होतो. स्वीडन, नॉर्वे, फिनलंडमधे जंगलात जाऊन रानफळं तोडायला कुणाची परवानगी लागत नाही, जुलैत जांभळी बेरी पिकते, आपल्या करवंदांसारखीच झुडपात वाकून तोडायची आणि जीभ निळी करून घरी यायचं. मुलांचा सगळ्यात आवडता दिवस तो, आणि खर्च बसच्या तिकिटाचा.

बाटल्या, कॅन फेकायचे नाहीत. दुकानातल्या मशीनमधे टाकले की पैसे परत मिळतात, फिनलंडला कॅनमागे १५ सेंट. मुलीने त्याचा हिशेब ठेवला होता, शेवटी तिने त्यातून सगळ्यांना बन खायला घातले.

शाळेचं आम्ही आधी जाऊन मुख्याध्यापिकाबाईंशी बोललो, लेखी रजा घेतली, रोज एक पान मराठी आणि गणित करायचं कबूल केलं. मराठी झालं, गणित मागे पडलं, भरून काढायला ऑगस्ट गेला. पाचवी-दुसरी होती म्हणून धाडस केलं, आठवीनंतर मी केलं नसतं.

मालवणहून एक आजी, वय ६६ : मुलगा चला म्हणतो. मला भाषा येत नाही, गुडघे दुखतात, आणि बाथरूममधे पाण्याशिवाय माझं चालत नाही. तुमच्या सासूबाईंनी कसं केलं ते त्यांनाच विचारून लिहा.

विचारलं, आणि त्यांनी सांगितलं तसंच लिहिते. फिनलंडला प्रत्येक बाथरूममधे हाताशी पाण्याचा छोटा शॉवर असतो, काही अडचण नाही. बाकी तीन देशांत नसतो, प्लास्टिकचा तांब्या बॅगेत ठेवा. साडी नेसता येते, आतून थर्मल लेगिंग घाला, पायात मोजे आणि जाड तळाचे बूट, चप्पल नको, जुन्या भागातले दगडी रस्ते गुडघ्याला वाईट. भाषा नाही आली तरी चालतं. हेलसिंकीला ओडी नावाची मोठी लायब्ररी आहे, २०१८ ला उघडली, तिथे कुणीही जाऊन बसावं, आणि दुसऱ्या मजल्यावर शिवणयंत्रं ठेवलीत, फुकट वापरायची. सासूबाईंच्या परकराची शिवण उसवली होती, ती त्यांनी तिथे बसून घातली. शेजारच्या यंत्रावर एक फिनिश बाई पडदा शिवत होती, तिचा दोरा सारखा तुटत होता, सासूबाईंनी उठून तिच्या बॉबिनचा ताण सैल करून दिला. नंतर दोघी रोज त्याच वेळेला तिथे.

आणि गुडघ्याच्या गोळ्या सगळ्या दिवसांच्या मोजून न्या, डॉक्टरांच्या इंग्लिश चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. हे त्यांनी दोनदा लिहायला सांगितलंय.